‘जन गण मन’ आणि पंचम जॉर्ज : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताक दिन जवळ आला की एक लांबलचक संदेश मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘जन गण मन’ हे गीत रवींद्रनाथ टागोरांनी 1911 साली पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिले आणि त्याच्या स्वागतासाठी गायले गेले; ‘अधिनायक’ आणि ‘भाग्यविधाता’ म्हणजे तो बादशहाच; याच गीताचे बक्षीस म्हणून टागोरांना नोबेल मिळाले; पुढे टागोरांनी एका खासगी पत्रात हे सारे कबूल केले; आणि संविधान सभेतील 319 पैकी 318 सदस्य ‘वंदे मातरम्’च्या बाजूने असताना एकट्या नेहरूंनी हे गीत देशावर लादले. यातील प्रत्येक विधान तपासता येण्याजोगे आहे.

प्रथम प्रसंग पाहू. पंचम जॉर्ज 2 डिसेंबर 1911 रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरला, 12 डिसेंबरला दिल्ली दरबार झाला आणि त्याच दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. काँग्रेसचे अधिवेशन कलकत्त्यात 26 ते 28 डिसेंबरला, बिशन नारायण दर यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि ‘जन गण मन’ तेथे 27 तारखेला प्रथम गायले गेले. बादशहा कलकत्त्यात पोहोचला तो 30 डिसेंबरला. म्हणजे ज्याच्यापुढे हे गीत गायले गेले असे सांगितले जाते, तो त्या दिवशी त्या शहरातच नव्हता, आणि दिल्ली दरबाराशी तर या गायनाचा काहीच संबंध नाही.

मग हा समज आला कुठून? तो निव्वळ कपोलकल्पित नाही, हे मान्य केले पाहिजे. फाळणी रद्द झाल्यामुळे तेव्हाच्या मवाळ काँग्रेसने बादशहाच्या स्वागताचा आणि कृतज्ञतेचा ठराव 27 तारखेलाच संमत केला आणि त्यानंतर त्याच्या स्वागतपर एक गीतही गायले गेले. मात्र ते गीत ‘बादशाह हमारा’ हे होते, ते हिंदीत होते आणि त्याचे कर्ते होते रामभुज चौधरी. आधी ‘जन गण मन’ हे बंगाली प्रार्थनागीत, नंतर स्वागताचा ठराव, नंतर बादशहाचे हिंदी गीत, असा त्या दिवसाचा क्रम होता. ‘स्टेट्समन’ आणि ‘इंग्लिशमन’ या इंग्रजी मालकीच्या पत्रांनी दुसऱ्या दिवशी ही दोन गीते एकात मिसळली आणि टागोरांनी बादशहासाठी खास रचलेले गीत गायले गेले, असे छापून टाकले. ‘बेंगाली’ आणि ‘अमृत बझार पत्रिका’ या, बंगाली गीत कानाने समजणाऱ्यांच्या पत्रांत असा घोटाळा झाला नाही. त्यांनी प्रार्थनागीत आणि स्वागतगीत यांची नोंद वेगवेगळी केली. शतकभर चाललेल्या या वादाचे मूळ वृत्तांकनातील या चुकीत आहे, आणि संदेश पुढे पाठवणारे नेमकी चुकलेलीच वृत्तपत्रे प्रमाण मानतात, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

आता ‘अधिनायक’ कोण, हा प्रश्न. राष्ट्रगीत म्हणून आपण म्हणतो ते मूळ पाच कडव्यांच्या गीताचे केवळ पहिले कडवे होय, आणि संदेश लिहिणाऱ्यांनी उरलेली चार वाचली असावीत असे वाटत नाही. तिसऱ्या कडव्यात त्या भाग्यविधात्याला ‘चिरसारथी’ म्हटले आहे. उत्थान-पतनाच्या खडतर वाटेवर युगानुयुगे यात्री धावत आहेत आणि त्याच्या रथचक्रांच्या घोषाने तो मार्ग रात्रंदिवस निनादतो आहे, असे ते चित्र आहे. सिंहासनावर येऊन जेमतेम दीड वर्ष झालेल्या राजाला युगायुगांचा सारथी कोण म्हणेल? चौथ्या कडव्यात तर घोर अंधाराच्या रात्री, पीडित आणि मूर्च्छित देशाला दुःस्वप्नांत आपल्या मांडीवर घेऊन जपणारी ‘स्नेहमयी तुमि माता’ असे त्यालाच उद्देशून म्हटले आहे. देश पीडित आणि मूर्च्छित आहे असे बादशहाच्या स्तुतिगीतात, बादशहाच्याच राज्याबद्दल लिहिणे हा अजब शिष्टाचार ठरला असता.

शेवटच्या कडव्यात ‘जय राजेश्वर’ असे शब्द आहेत, आणि टीकाकारांच्या हाती लागू शकेल असा गीतातील एकमेव आधार तोच. पण मराठी वाचकाने यावर अडखळण्याचे कारण नाही. आपले संत एकाच विठ्ठलाला पंढरीचा राणाही म्हणतात आणि माउलीही म्हणतात, आणि म्हणून तो कुठल्या संस्थानाचा अधिपती होता असा शोध कोणी लावत नाही. हे गीत जानेवारी 1912 मध्ये ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ब्रह्मसंगीत, म्हणजे ब्राह्मसमाजाचे उपासनागीत, म्हणून छापले गेले आणि त्याच महिन्यात त्या समाजाच्या माघोत्सव या वार्षिक उत्सवात उपासनेत म्हटले गेले. गीत जगापुढे आल्यानंतर महिन्याभराच्या आतलाच हा पुरावा आहे, नंतरची सारवासारव नव्हे.

सारवासारवीचा आरोप टागोरांच्या 1937 च्या पत्रावर मात्र केला जातो, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या त्या पत्रात टागोर सांगतात की सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने बादशहाच्या जयगानाची विनंती केली होती, तिने आपण थक्क झालो आणि मनात उठलेल्या त्या खळबळीतूनच भारताच्या भाग्यविधात्याचा जयघोष लिहिला. तो युगायुगांचा सारथी कोणताही जॉर्ज असूच शकत नाही, असेही ते लिहितात. हे पत्र घटनेनंतर सव्वीस वर्षांनी लिहिलेले आहे, तेव्हा केवळ त्याच्यावर सारा निवाडा टाकू नये, हे मी मान्य करतो. वरचे पुरावे मी आधी मांडले ते त्यासाठीच.

संदेशातील ‘कबुलीचे पत्र’ मात्र वेगळेच आहे. ते म्हणे टागोरांनी आपले मेहुणे, लंडनमध्ये राहणारे सनदी अधिकारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना 1919 मध्ये लिहिले आणि आपल्या मृत्यूनंतरच उघड करावे असे बजावले. इतिहासाला ठाऊक असलेले सुरेंद्रनाथ बॅनर्जी सनदी सेवेतून 1874 सालीच बडतर्फ झाले होते, त्यांचे पुढचे सारे आयुष्य बंगालच्या राजकारणात गेले आणि टागोरांच्या सोळा वर्षे आधी, 1925 मध्ये, त्यांचे निधन झाले. ते टागोरांचे मेहुणे नव्हते. ‘जन गण मन’ची अचूक बातमी देणारे ‘बेंगाली’ हे पत्र त्यांचेच, हे संदेशकर्त्याला ठाऊक असते तर त्याने बहुधा दुसरे नाव निवडले असते.

नोबेलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते स्वीडिश अकादमीने 1913 मध्ये दिले, इंग्रजी ‘गीतांजली’ डोळ्यांपुढे ठेवून दिले, आणि त्या पुस्तकात ‘जन गण मन’ नाही. बादशहाकडून टागोरांना मिळाली ती 1915 ची ‘सर’ ही पदवी, आणि जालियनवाला बागेनंतर 1919 मध्ये ती सोडून देत असल्याचे त्यांनी व्हाइसरॉयला पत्राने कळवले. जॉर्जच्या साम्राज्याशी प्रत्यक्ष युद्ध पुकारणाऱ्या सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारने 1943 मध्ये याच गीताच्या आधारे आणि याच चालीवर आपले ‘शुभ सुख चैन’ हे राष्ट्रगीत घेतले, ही गोष्ट संदेशात कधीच येत नाही.

काही आवृत्त्यांत आणखी एक मुद्दा जोडलेला असतो : गीतात केवळ ब्रिटिश प्रांतांचीच नावे आहेत. 1911 साली सिंध आणि गुजरातचा ब्रिटिश मुलूख मुंबई इलाख्यात होता, उत्कल बंगाल प्रांतात होता आणि ‘मराठा’ किंवा ‘द्राविड’ नावाचा प्रांतच नव्हता. गुजरात म्हटले की त्यात बडोद्याचे संस्थानही येते. ही यादी प्रदेशांची आणि तेथील माणसांची आहे, सरकारी विभागांची नव्हे.

राहिला 318 विरुद्ध एकचा आकडा. देशाच्या फाळणीनंतरच्या संविधान सभेची सदस्यसंख्या 299 होती, तेव्हा 319 आले कुठून हे संदेशकर्त्यालाच ठाऊक. नेहरूंचा कल ‘जन गण मन’कडे होता हे खरे. त्यांनी 25 ऑगस्ट 1948 रोजी सभागृहात त्याची कारणेही सांगितली : 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हा या गीताची ध्वनिमुद्रिका वाद्यवृंदाला दिली गेली आणि ती चाल सर्वांना आवडली, नंतर प्रांतांच्या राज्यपालांकडे विचारणा झाली, तेव्हा मध्यप्रांताचा अपवाद वगळता सर्वांनी संमती कळवली. ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजवण्यास सोयीचे नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वांना पटला होता असे नाही. आपल्या गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी तर हा आक्षेप खोडून काढण्यासाठी त्या गीताची चाल बांधून दिल्लीपर्यंत खटपट केली, आणि या निवडीबद्दल आजही कोणाला खंत वाटत असेल तर तिला आधार आहे. परंतु मतदान झालेच नाही. 24 जानेवारी 1950 रोजी अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी ठराव मांडण्याऐवजी निवेदन केले : ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील. सभागृहाने टाळ्यांनी त्याचे स्वागत केले.