‘दगडांचा ढीग’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरच्या आपल्या जुन्या बंधाऱ्याबद्दल आणि त्यावर चालणाऱ्या फड पद्धतीबद्दल (शिवाराचे गट पाडून, पिकं फिरवत, पाटाचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत) मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक कास्तकार’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. उत्तर खाली लिहायला बसलो तर जागा पुरेना, म्हणून इथे स्वतंत्र देतो. प्रतिक्रिया जशी आली तशी:

“फड पद्धतीचं कौतुक आता पुरे. तुमचा बंधारा म्हणजे दगडांचा ढीग आहे, त्यावर ग्रामपंचायतीने सिमेंटचा थर दिला तर तुमच्या पोटात का दुखतं? चुना, गूळ, हिरडा हे हौशी लोकांचे चोचले. आज विहीर आहे, बोअर आहे, ठिबक आहे, फड कोणाला हवा? शिवाय फोटोखाली सांडवा लिहिलंय, ते चूक आहे. गावाच्या पैशाचं काय करायचं ते गावाला कळतं.”

भाऊ, आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. फोटोखालचा शब्द चुकला होता. त्या फोटोत आहे तो सांडम. पाटात जास्त झालेलं पाणी परत नदीत किंवा नाल्यात सोडणारी वाट. बंधाऱ्यावरून पुराचं पाणी ओसंडतं तो सांडवा, तो वेगळा. काल रात्रीच दुरुस्ती केली. तुमचं लक्ष गेलं याबद्दल आभार.

आता ‘पोटात दुखतं’. हे वाक्य तुम्ही समोर बसून बोलला असता का? लेखात मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, ग्रामपंचायतीला नावं ठेवली नव्हती. सिमेंटच्या थराने गळती थांबणार नाही एवढंच कारणांसह लिहिलं होतं. त्या कारणांपैकी एकालाही तुम्ही हात लावला नाहीत. एकदम पोटावर आलात. मतभेदाला माझी ना नाही. पण ज्या बंधाऱ्याचं पाणी माझ्या आजोबांनी पाटकरी म्हणून आयुष्यभर वाटलं आणि ज्याची मोजमापं मी गेली बावीस वर्षं दर उन्हाळ्यात घेतो, त्याला ‘ढीग’ म्हणून मोकळं होणाऱ्याने निदान एकदा उन्हाळ्यात पात्रात उतरून तो खालच्या अंगाने पाहायला हवा होता. तुम्ही पाहिलेला नाही. पाहिला असता तर ढीग हा शब्द तुमच्या तोंडी आला नसता.

ढिगात आणि बंधाऱ्यात फरक काय, ते सांगतो. नदीच्या अंगाची तोंडं घडीव काळ्या पाषाणाची, मधला गाभा डबराचा, आणि त्या सगळ्याला बांधून ठेवणारा चुना. वरची बाजू जवळपास उभी, खालची उतरती, म्हणजे ओसंडणारं पाणी एकदम न आपटता घसरत जातं. बंधारा नदीला सरळ रेषेत आडवा नाही, वाकडा आहे, कारण तो पात्रातल्या उघड्या खडकाच्या पट्टीवर बसवला आहे. जिथे खडक वळला तिथे बांधकाम वळलं. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी आधी खडक कुठे पक्का आहे ते पायांनी शोधलं असणार. ढीग कोणी असा घालत नाही.

आणि हो, ही फक्त गावठी माया नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक पांझरेवरचंच होतं: दातर्ती गावी पाणी पात्राखालून पलीकडे नेणारा नळांचा सायफन. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, गटागटाने पिकं फिरवायची. फडाच्या गावात वाढलेल्या माणसाला ती पद्धत शिकवावी लागत नाही.

आता सिमेंटचा थर. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत एवढंच एक वाक्य कामाचं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

बंधारा गळतो तो माथ्यावरून नाही. पाणी साठतं त्या बाजूच्या सांध्यांतला चुना निघून गेलेला असतो, तिथून पाणी गाभ्यात शिरतं, गाभ्यातला चुना विरघळवत खालच्या अंगाने बाहेर पडतं. मार्च-एप्रिलमध्ये खालच्या दगडांवर पांढरे ओघळ दिसतात ते हेच. ओघळ जितके जाड तितका आतला चुना गेलेला. अशा वेळी माथ्यावर दोन इंच थर ओतणं म्हणजे घराची भिंत पाझरते म्हणून पत्रे रंगवण्यासारखं आहे. पाणी जिथून शिरतं तिथे तुम्ही काहीच केलेलं नाही.

त्यात थर खालच्या तोंडावरही दिला तर आणखी वाईट. पाणी वरून शिरायचं थांबलेलं नाही, बाहेर पडायची वाट मात्र बंद केली. ते गाभ्यात साठतं, आतून दाब वाढतो, आणि प्लास्टरला फुगा येतो. काठीने ठोकून पाहा, पोकळ वाजतं. तिथे पुढच्या पुरात तडा जातो आणि तुकडा निघतो. निघताना तो एकटा निघत नाही. सिमेंटने दगडाला घट्ट धरलेलं असतं आणि दगडामागचा चुना आधीच ढिला झालेला असतो, म्हणून सोबत मूळचा घडीव दगडही उचकटून जातो. चुन्याचा सांधा फुटला तर सांधा जातो, सिमेंटचा फुटला तर दगड जातो.

शिवाय आपला मे महिना. दिवसभर ४४-४५ अंशात तापलेला थर, आणि जूनमध्ये एका रात्रीत त्यावरून गार गढूळ पाणी. पातळ थर लगेच आकसतो, खालचं जाड दगडी बांधकाम तितक्या वेगाने आकसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत दोघांमधली पकड सुटते, फटीतून पाणी थराखाली जातं आणि पूर त्याला पापुद्र्यासारखा उचलतो.

पैशाचा विषय तुम्हीच काढलात, तर हिशेब करू. ६० मीटर लांब, २ मीटर रुंद माथ्याचा बंधारा धरा. ५ सेंटिमीटर थर म्हणजे ६ घनमीटर माल. एकास चारच्या मिश्रणाला जवळपास ४५ पोती सिमेंट लागतं. आता पाण्याच्या अंगाचे सांधे धरा. ६० मीटर लांबी, दीड मीटर उंची, म्हणजे ९० चौरस मीटर. दगड साधारण ४५ बाय ३० सेंटिमीटरचे असले तर एका चौरस मीटरला साडेपाच मीटर सांधा येतो, सगळा मिळून ५०० मीटर. सांधा २० मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर खोल भरायचा तर माल लागतो ०.६ घनमीटर. दहावा हिस्सा. मजुरी जास्त लागते, हे मी लपवत नाही. पण ती मजुरी गावातच राहते, आणि काम गळतीच्या जागी होतं. गावाच्या पैशाचं गावाला कळतं म्हणता, मग हा आकडा गावसभेत कोणी मांडला होता का?

‘चोचले’. इथे तुमचं थोडं मान्य करतो. चुन्यात गूळ आणि हिरडा नसला तरी बंधाऱ्याचं अडत नाही. त्यांनी माल लोण्यासारखा होतो, सावकाश धरतो, गवंड्याला हाताळायला वेळ मिळतो. गूळ जास्त पडला तर उलट चुना लवकर धरतच नाही. पाण्यातल्या सांध्याला खरी गरज सुरखीची, म्हणजे विटेच्या भुकटीची. नुसता चुना आणि वाळू हवेवर घट्ट होतात, ओलीत राहिले तर मऊच राहतात. सुरखी मिसळली की तो माल पाण्यातही धरतो. वीट नीट भाजलेली हवी. जास्त भाजून काळी, काचेसारखी झालेली चालत नाही, तिची भुकटी नुसती वाळूसारखी पडून राहते. भट्टीवरचा फुकटचा चुरा आणून टाकणारे इथेच फसतात आणि मग म्हणतात चुना टिकत नाही.

करायचं कसं, तेही लिहितो, म्हणजे पुन्हा हौशी म्हणायला जागा नको. कळीचा चुना टाकीत विझवून, चाळून, पाण्याखाली किमान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर ठेवायचा. एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक भाग धुतलेली रेती. माल चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गिरणीत, मळायचा, चुन्याची गुठळी बोटाला लागू नये इतका. नदीचं पाणी फेब्रुवारीत उतरलं की रेतीच्या गोण्यांचा आडवा बांध घालून अर्धं पात्र कोरडं करायचं, पाणी दुसऱ्या अर्ध्यातून सोडायचं. सांधे छिन्नी-हातोडीने उकरायचे. ग्राइंडर किंवा ब्रेकर लावला की दगडाच्या कडा उडतात आणि सांधा दुप्पट रुंद होतो. खोली रुंदीच्या दुप्पट ते तिप्पट. ब्रशने झाडून, पाणी मारत राहायचं, दगड पाणी प्यायचा थांबेपर्यंत. कोरड्या दगडात भरलेला माल दोन दिवसांत भुगा होतो, कारण दगडच त्यातलं पाणी शोषून घेतो. माल थरथराने दाबून भरायचा, सांधा रुंद असेल तिथे काळ्या दगडाच्या चिपा ठोकायच्या. वर गोणपाट, आणि ते तीन आठवडे ओलं. पहिल्या आठवड्यात एक दुपार जरी गोणपाट वाळलं तरी बारीक भेगा पडतात. मार्चअखेर भराई झाली तर आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) गोणपाट काढता येतं आणि पुरापूर्वी सव्वा-दीड महिना मिळतो. मे महिन्यात सुरू केलेलं काम करूच नका.

पिंपळाची मुळं असतील तर ओढून काढायची नाहीत. ओढलं की गाभा हलतो. बुंधा कापायचा, मूळ जागेवर मारायचं आणि पोकळी पातळ चुन्याने भरायची.

काँक्रीटला माझा सरसकट विरोध आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. लेख पुन्हा वाचा. पायथ्याबद्दल मी काँक्रीटच सुचवलं होतं. खालच्या पात्रातली वाळू उपसली गेली की तळ खाली जातो, पाणी जास्त उंचीवरून पडतं, आणि पायथ्याशी डोह पडून खडकावरची शेवटची रांग अधांतरी होते. तिथे मोठे धोंडे, खडकात गज आणि काँक्रीट, हेच करावं लागतं. बंधारा पडतो तो बहुतेक वेळा इथून. आणि त्या ४५ पोत्यांतलं एक पोतं तरी पायथ्याला जाणार का, हे तुम्ही विचारलं नाहीत. वाळूबद्दलही तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

विहीर, बोअर, ठिबक हा वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. बंधाऱ्यात पाणी थांबतं तोवर काठच्या विहिरींना पाझर राहतो, एवढं तुम्हालाही माहीत असेल. आणि फड कोणाला हवा, हे ठरवण्याआधी फड म्हणजे काय ते तरी लिहायचं होतंत. शिवाराचे तीन-चार फड, एकात ऊस, बाकीच्यांत हंगामी पीक, दरवर्षी फेरपालट. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, हवालदार या सगळ्यांवर नजर ठेवणार, आणि कोणाच्या बांधावर कोणी परस्पर दारं फोडणार नाही. निदान तीनशे वर्षांची ही व्यवस्था एका प्रश्नचिन्हाने तुम्ही निकालात काढलीत, आणि माझ्याकडून मात्र शांतपणाची अपेक्षा.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा नाव लावून लिहा. त्याआधी फेब्रुवारीत एकदा खाली उतरा, सोबत चार इंची खिळा घ्या. महादेवाच्या घाटाकडून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, पाण्याच्या अंगाला, सांध्यात खिळा हाताने दाबून पाहा. बोटाच्या जाडीएवढा जाऊन अडला तर तिथला चुना शाबूत आहे. डोक्यापर्यंत गेला तर किती सांध्यांत गेला ते मोजा आणि तो आकडा इथे लिहा. मी माझ्या वहीतला आकडा त्याच्या शेजारी ठेवतो.