टकळी

आमच्या घरात टकळी एकच, आणि ती माझी. सकाळी चहाबरोबर सुरू होते ती रात्री दिवा घालवल्यावरही थोडा वेळ चालू असते, असं हिचं म्हणणं. त्यामुळे पेरूत चार हजार मीटरवर ती आपोआप बंद पडली, तेव्हा हिने आकाशाकडे बघून कुणाचे तरी आभार मानले. विठोबाचेच असावेत, कारण ते आषाढीचे दिवस होते.

ट्रेकची निवड हिची. लोक कुस्कोहून माचू पिचूचं रेल्वेचं तिकीट काढतात आणि मोकळे होतात. हिला मात्र पैठणीच्या मागापासून विणकामाचं वेड, म्हणून लारेस खोऱ्याच्या बाजूने विणकरांच्या वस्त्यांतून डोंगर चढत जायचं ठरलं. मी महिनाभर रोज पर्वती चढलो. कळसूबाई तर तीनदा केलेली. पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि नुसतं कुस्को गावच ३,४०० मीटरवर, हा हिशेब हॉटेलच्या जिन्यात लागला. बूटाची नाडी बांधायला वाकलो की मध्येच उठून दम घ्यावा लागे.

गाइड गोड बोलणारा. “पुढचा रस्ता इंका फ्लॅट आहे,” म्हणाला. फ्लॅट म्हणजे सपाट, एवढं इंग्रजी मला येतं. इंका फ्लॅट म्हणजे चढ, मग उतार, मग आणखी मोठा चढ. आपल्याकडचे वाटाडे “हे काय, टेकाड ओलांडलं की आलंच” म्हणतात, त्याच जातकुळीतलं. दम लागल्यावर त्याने कोकाची पानं चघळायला दिली आणि सोबत राखेची एक काळपट गोळी. ती कणभर लावल्याशिवाय पानाला गुण येत नाही म्हणे. पानाला चुना हवाच, हे मला कुणी समजावायला नको. गाल बधिर झाला. पाय मात्र शाबूत दुखत होते.

पहिला मुक्काम वाकावासी गावात. एका अंगणात एक बाई जमिनीवर बसून विणत होती. मागाचं एक टोक खुंटाला आणि दुसरं तिच्याच कंबरेला, पट्ट्याने बांधलेलं. ती मागे रेलली की ताणा ताठ होई, मग लामाच्या हाडाच्या टोकदार तुकड्याने ती दोन दोन धागे उचले. पुढ्यात कागद नाही, नक्षी नाही, सगळी मोजणी डोक्यात. हिने उत्साहाच्या भरात मला पुढे ढकललं. पट्टा माझ्या पोटाला पुरेना, म्हणून बाईने शांतपणे त्याला एक दोरी जोडली. शेजारच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. मी मागे रेललो की श्वास अडे, श्वासासाठी पुढे झुकलो की ताणा लोंबे. माझ्या हातचे चार धागे बाईने नंतर उसवले, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसलं.

मग तिने निवडुंगावरचे राखाडी किडे तळहातावर चुरडले. हात लालभडक. वर लिंबू पिळलं तर नारिंगी. किरमिजीतला किर्म म्हणजे किडाच, हे ऐकून हिने अंगावरच्या लाल शालीकडे जरा संशयाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. आचाऱ्याला काय सांगावं, हा प्रश्न. ही म्हणाली, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची चालेल. तो चकित झाला. बाईंना सगळं इकडचंच खायचंय! खरंच, साबुदाणासुद्धा मूळ याच खंडातल्या कंदाचा. उपवासात अस्सल आपली काय ती वरी.

त्याच दिवशी खिंड, साडेचार हजारांच्या जवळपास. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या ६० टक्क्यांहूनही कमी. मी दहा पावलं टाकून थांबत होतो. तेवढ्यात मागून एक आजी आली. डोक्यावर चपटी टोपी, पायात टायरच्या चपला, पाठीला रंगीत कापडात बांधलेलं बोचकं, आणि हातात टकळी! शाळेत सूतकताईच्या तासाला होती तशीच, फक्त लोकर कातायची. चढता चढता ती सूत कातत होती. टकळी गरगरत खाली जाई, ती सूत गुंडाळून घेई, पुन्हा सोडी. पायाखाली बघायचं नाही, थांबायचं नाही. शाळेत मी बाकावर बसूनसुद्धा दर वीतभर सूत तोडत असे. ती माझ्याकडे बघून हसली, दोन शब्द बोलली आणि गेली. उत्तर द्यायला माझ्याकडे हवा नव्हती.

अर्ध्या तासाने मी खिंडीत पोचलो, तर तिथे तिचं दुकान मांडलेलं! बोचक्यातले पट्टे, टोप्या, शाली ओळीने पसरलेल्या, आणि ती मागे बसून अजून कातत होती. हिने किरमिजी काठाचा एक पट्टा उचलला. आजीने बोटांनी भाव सांगितला. घासाघीस करायला श्वास लागतो. मी मुकाट्याने पैसे मोजले.

“अहो,” ही म्हणाली, “सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितला तो भाव दिलात तुम्ही.”

मी बोट वर केलं. थांब, बोलतो.

बोललो ते दोन तासांनी, पलीकडच्या पाताकांचा गावाच्या उतारावर. कानातला दडा सुटला, छाती मोकळी झाली आणि वाचा परत आली. “मी काय म्हणतो,” मी म्हणालो, “आपण दोन पट्टे घेतले असते ना, तर तिने नक्की—”

ही मागे न बघता भराभर उतरायला लागली.