निळी जर्सी घेण्यापूर्वी

तुम्ही ठाण्याहून किंवा सांगलीहून येऊन कॅनडात, टोरोंटोशेजारच्या मिसिसागात स्थिरावता. गाडीला हिवाळी टायर लावून झालेले असतात, बर्फ उपसायचं फावडं गॅरेजात आलेलं असतं. मग एका सकाळी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस असा चेहरा करून बसलेला दिसतो की तुम्ही हळूच विचारता, "घरी सगळं ठीक ना?" तो म्हणतो, "काल मॅच नाही बघितलीस?" झालं. कॉफीच्या मशीनपाशी चार शब्द बोलता यावेत एवढ्याच हेतूने तुम्ही आइस हॉकीची एक मॅच बघता. ती काळी चकती कुठे गेली ते दिसत नाही म्हणून दुसरी बघता. आणि एप्रिल उजाडेपर्यंत तुमचाही चेहरा तसाच झालेला असतो.

तेव्हा टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाच्या मार्गाला लागणारच असाल, तर या मार्गावर केस पांढरे केलेल्या माणसाचं थोडं ऐकून घ्या. मी संघाचा शत्रू नाही. शत्रू असतो तर रात्री झोप लागली असती.

सगळ्यात आधी एक तारीख पाठ करा: २ मे १९६७. त्या रात्री लीफ्सनी माँट्रियलला हरवून स्टॅनले कप, म्हणजे एनएचएल या हॉकी लीगचं अजिंक्यपद, जिंकला. संघाचा तेरावा कप. त्यानंतर कप सोडाच, लीफ्स अंतिम फेरीतसुद्धा पोचलेले नाहीत. ही तारीख किती जुनी आहे हे आपल्या हिशेबात सांगायचं तर तेव्हा कोयनेचा भूकंप व्हायचा होता, वाडेकर कर्णधार व्हायचे होते आणि माणसाचं पाऊल चंद्रावर पडायचं होतं. लीगमध्ये संघ होते सहा. आता बत्तीस आहेत. म्हणजे त्या काळी नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी सहा वर्षांतून एकदा कप घरी आला असता, पण हा हिशेब म्हाताऱ्या चाहत्यांपुढे मांडू नका. त्यांनी तो कप डोळ्यांनी बघितलाय. पंढरीची वारी केलेल्या माणसाशी वाद घालू नये.

आता खरं प्रशिक्षण. तुम्हाला वाटेल की वाईट संघाचा चाहता होणं अवघड असतं. छे. वाईट संघाचा चाहता सुखी असतो, तो नोव्हेंबरातच टीव्ही बंद करतो. लीफ्स तुम्हाला ती सोय देणार नाहीत. ऐंशीहून जास्त सामन्यांच्या हंगामात ते झकास खेळतील. ऑस्टन मॅथ्यूजसारखा माणूस एका हंगामात ६९ गोल मारेल, हे त्याने २०२३-२४ मध्ये करून दाखवलंय. तुम्ही मार्चमध्ये गुणतक्ता बघून मनातल्या मनात मिरवणुकीचा रस्ता आखाल. आणि मग घास तोंडाशी येईल, तोंड उघडेल, वास येईल, आणि घास जाईल.

नमुना म्हणून १३ मे २०१३ ची रात्र घ्या. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, जिथे सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे जातो. बोस्टनविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. तिसऱ्या आणि शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ असे पुढे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर चार ओव्हर, वीस धावा, आठ गडी हातात. बोस्टनने एक गोल केला, ४-२. ठीक आहे, पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. मग बोस्टनने आपला गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू आत घातला आणि घड्याळात १ मिनिट २२ सेकंद उरले असताना ४-३ केलं. ५१ सेकंद उरले असताना ४-४. जादा वेळेत पॅट्रिस बर्जरॉनने, ज्याने बरोबरीचा गोल केला होता त्यानेच, गोष्ट संपवली. शहरातल्या चौकात पडद्यासमोर उभ्या असलेल्या हजारो लोकांचे चेहरे कॅमेऱ्याने टिपलेत. नवीन चाहत्याला मी ते फुटेज आधी बघायला सांगतो. लग्नाआधी पत्रिका बघावी तसं.

यातून निभावलात तर पुढचा अभ्यासक्रम सोपा आहे, कारण तोच धडा पुन्हा पुन्हा येतो. २०१८ मध्ये बोस्टनकडून सातव्या सामन्यात हार. २०१९ मध्ये बोस्टनकडून सातव्या सामन्यात हार. २०२४ मध्ये, आता काहीतरी बदल हवा म्हणून, बोस्टनकडून सातव्या सामन्यात जादा वेळेत हार. मधे २०२१ मध्ये माँट्रियलविरुद्ध मालिकेत ३-१ अशी आघाडी होती, तीही सांभाळून परत केली. २००४ नंतर प्लेऑफमधली एक मालिका जिंकायला या संघाला २०२३ साल उजाडलं. त्या रात्री टॅम्पाला हरवल्यावर लोक रस्त्यावर येऊन असे नाचले की एखाद्या अनभिज्ञ माणसाला वाटलं असतं, कप आला. पहिली फेरी होती ती. पुढच्या फेरीत फ्लोरिडाने पाच सामन्यांत आटपलं.

इथे एक सांत्वन जपून ठेवा, उपयोगी पडतं. आपल्याला हरवणारा संघ साधासुधा नसतो. २०१३ चं बोस्टन, २०१९ चं बोस्टन, २०२१ चं माँट्रियल, २०२२ चं टॅम्पा, २०२३ चं फ्लोरिडा: हे सगळे पुढे अंतिम फेरीपर्यंत गेले. आणि तिथे हरले. म्हणजे आपण त्यांना नुसतं पुढे पाठवलं नाही, जाताना शिदोरीत थोडं आपलंही घालून दिलं. २०२५ मध्ये मात्र फ्लोरिडाने आपल्याला हरवून कप खरोखरच जिंकला, त्यामुळे हे सांत्वनही आता जपून वापरावं लागतं.

आपण मराठी माणसं या छंदाला जन्मतःच लायक आहोत, हे मला इथे आल्यावर कळलं. लीफ्सच्या जुन्या चाहत्यापुढे १९९३ चा विषय काढून बघा. लॉस एंजेलिसविरुद्ध सहावा सामना, जादा वेळ. त्यांच्या वेन ग्रेट्स्कीची स्टिक आपल्या डग गिल्मरच्या तोंडावर लागली, रक्त आलं, पंच केरी फ्रेझर यांनी शिट्टी वाजवली नाही, आणि थोड्याच वेळात त्याच ग्रेट्स्कीने विजयी गोल केला. सातव्या सामन्यात त्याने तीन गोल मारले आणि लीफ्स ५-४ ने गेले. इतकी वर्षं झाली, अजून माणसं त्या न वाजलेल्या शिट्टीवर आवाज चढवून बोलतात. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा एकदम घरी आल्यासारखं वाटलं. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर, होळकर थांबले असते तर! पानिपतावर तीन तास बोलू शकणाऱ्याला केरी फ्रेझर काय जड आहेत?

आणि ऐकायची सोयही आहे. 'हॉकी नाइट इन कॅनडा' या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन २००८ पासून चालू आहे. मराठीत अजून नाही, पण पंजाबीत ऐकताना दुःख निदान आपल्या बाजूचं वाटतं.

आता डेव्हिड एअर्स यांच्याबद्दल सांगायला हवं. हा प्रसंग तुम्हाला नातवंडांना सांगायचा आहे, म्हणून नीट ऐका. २२ फेब्रुवारी २०२०, सामना टोरोंटोत, समोर कॅरोलायना. त्यांचा पहिला गोलकीपर जखमी झाला. मग दुसराही झाला. अशा वेळेसाठी तेव्हा यजमान मैदानावर एक राखीव गोलकीपर ठेवलेला असायचा, ज्याला गरज लागेल त्या संघाकडून तो उतरायचा. ते होते एअर्स. वय ४२, शरीरात आईने दिलेलं मूत्रपिंड. एकेकाळी लीफ्सच्याच दुय्यम संघाच्या रिंकवर बर्फ घोटणारं झँबोनी यंत्र चालवलेला माणूस, आणि पोटापाण्याची नोकरी कुठे, तर लीफ्सच्या जुन्या स्टेडियमच्या इमारतीत. एवढंच काय, लीफ्सच्या सरावात ते गोलसमोर उभेही राहिले होते. म्हणजे घरचाच माणूस! नाटकातला नायक आजारी पडला म्हणून पडदा ओढणाऱ्याला रंग फासून उभं केलं, असा प्रकार.

लीफ्सचे पहिले दोन फटके आत गेले. तुम्ही सोफ्यावर सैलावून बसलात. पुढचे आठही फटके त्या गृहस्थांनी अडवले. लीफ्स ६-३ ने हरले. त्या रात्री सगळ्या जगाने एअर्स यांचं कौतुक केलं, मीही केलं, मनापासून केलं. फक्त ते करताना दात एकमेकांवर घट्ट बसले होते. (जाता जाता: त्या रात्री कॅरोलायनाचा जो पहिला गोलकीपर जखमी झाला, तो जेम्स रायमर. २०१३ च्या त्या बोस्टनच्या रात्री लीफ्सच्या गोलसमोर उभा होता तोच. या संघाच्या इतिहासात पात्रं वाया जात नाहीत.)

जर्सी घ्यायची वेळ आली की पाठीवर कोणाचं नाव घालायचं, हा प्रश्न येईल. घाई करू नका. जॉन टॅव्हारेस २०१८ मध्ये सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलरवर आला, तेव्हा त्याने लहानपणी लीफ्सच्या चादरीत झोपल्याचा फोटो टाकला होता. अख्खं शहर विरघळलं. आपल्या मिसिसागात जन्मलेला मुलगा! मिच मार्नरही इथल्याच उपनगरात वाढलेला. आमच्या चिरंजिवांनी हट्टाने मार्नरची जर्सी घेतली. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध मालिकेत २-० अशी आघाडी होती. मग सलग तीन हरले, सहावा जिंकून विझलेली चूल पुन्हा पेटवली, आणि सातवा घरच्या बर्फावर ६-१ असा हरले. लोकांनी अंगातल्या जर्स्या काढून बर्फावर फेकल्या. उन्हाळ्यात मार्नर लास व्हेगसला गेला. ती जर्सी आता आमच्याकडे गाडी पुसायला आहे, आणि कापड चांगलं आहे हे कबूल केलं पाहिजे. २०१४ मध्ये ब्रेंडन शॅनाहन अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या दीर्घ योजनेवर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. अकरा वर्षांत दोन मालिका जिंकून ती योजनाही २०२५ च्याच मे महिन्यात संपली. पंचवार्षिक योजनांच्या देशातून आलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

खरं तर नावाच्या प्रश्नाचं उत्तर जुन्या मालकांनी कधीच देऊन ठेवलंय. हॅरॉल्ड बॅलार्ड हे थोर गृहस्थ १९७२ मध्ये फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरले, तुरुंगात जाऊन आले आणि पुन्हा मालकीच्या खुर्चीत बसले. लीगने १९७० च्या दशकाच्या शेवटी फर्मान काढलं की जर्सीवर खेळाडूंची नावं हवीत. नावं वाचता आली तर सामन्याची माहितीपुस्तिका कोण विकत घेणार, या चिंतेने बॅलार्डनी निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरात नावं लिहिली. तेव्हा तो कंजूषपणा वाटला. आज वाटतं, किती दूरदृष्टी! निळ्यावर निळं लिहून घ्या. खेळाडू गेला तरी जर्सी राहते.

तिकिटाचा विचार करत असाल तर आधी घराच्या हप्त्याची तारीख बघा. लीगमधला सर्वात मौल्यवान संघ म्हणून हिशेबनीस ज्याचं नाव घेतात, तो हाच. कप नाही, अंतिम फेरी नाही, आणि स्टेडियम मात्र भरलेलं. माझ्या एका मित्राने एकदा बाणेदारपणे विचारलं, "अरे, तुम्ही लोक जायचं का थांबवत नाही? मग सुधारतील." प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर द्यायला मला वेळ नव्हता, मॅच सुरू होणार होती.

फुकटात दर्शन हवं असेल तर जुन्या मेपल लीफ गार्डन्सला जा. १९३१ मध्ये उघडलेल्या या वास्तूत मुक्काम असताना लीफ्सनी अकरा कप जिंकले. आता तळमजल्यावर वाणसामानाचं मोठं दुकान आहे. २५ क्रमांकाच्या रांगेत जमिनीवर एक लाल ठिपका आहे, तो रिंकचा मध्यबिंदू. लोक तिथे फोटो काढतात. मी तिथे उभा राहून डोळे मिटले होते. मागून एका आजींनी ट्रॉली पुढे घ्यायला सांगितली.

आणि एक शेवटचं काम, कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. स्टॅनले कपावर विजेत्या खेळाडूंची नावं कोरतात. खालच्या रुंद भागावर चांदीच्या पाच पट्ट्या असतात, एका पट्टीत तेरा विजेते. पट्ट्या भरल्या की सगळ्यात जुनी पट्टी काढतात आणि खाली नवी लावतात. आता वर असलेली सर्वात जुनी पट्टी १९६६ च्या विजेत्यापासून सुरू होते, म्हणजे १९६७ चे लीफ्स तिच्यावरच आहेत. सर्वात नवी पट्टी सुरू झाली २०१८ च्या विजेत्यापासून. तेरा मोजा. २०३० ला ती भरते. तोपर्यंत लीफ्सनी काही केलं नाही, तर पुढच्या विजेत्यासाठी जागा करताना आपली पट्टी निघेल आणि कपाच्या पट्ट्यांवर मेपल लीफ्सचं एकही नाव उरणार नाही.

पण निराश होऊ नका. काढलेल्या पट्ट्या वितळवत नाहीत. त्या हॉकी हॉल ऑफ फेम या संग्रहालयात ठेवतात, आणि ते आहे टोरोंटोतच, यंग आणि फ्रंट रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका जुन्या बँकेच्या इमारतीत. बँक ऑफ माँट्रियलच्या. तिथल्या तिजोरीच्या खोलीत आपली १९६७ ची पट्टी कायमची मुक्कामाला येईल. एवढ्या वर्षांनी स्टॅनले कपाचा एक तुकडा टोरोंटोत येणार म्हणजे मिरवणूक तर निघायलाच हवी. ढोल-ताशा पथक आपल्या मंडळाकडे आहेच. चिरंजिवांना मी आत्तापासून सांगून ठेवलंय, त्या दिवशी रजा टाक.