जिच्या हाती पेन

गेल्या रविवारी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं कामवाटप झालं आणि मी अजून धुमसते आहे. गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींना पहिल्या वर्षी हात देणारा आमचा गट. सगळे मेंटॉर बिनपगारी. त्यामुळे कुणालाच काही सांगता येत नाही आणि प्रत्येक जण सगळ्यांना सांगत असतो.

फळ्यावर कामांची यादी लिहिली. 'मोटिव्हेशन'ला चार हात वर. 'व्यक्तिमत्त्व विकासा'ला पाच. त्यातले एक गृहस्थ तोवर दोनदा माझं वाक्य तोडून बोलले होते. 'करिअर मार्गदर्शन' आयटीवाल्या सरांनी ऑफिसच्या कॉलवर म्यूट असतानाच खिशात घातलं. मग मी विचारलं, "महाडीबीटीचे फॉर्म?" सगळ्यांना एकदम आपापले मोबाइल आठवले.

ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. म्हणजे तहसीलचा दाखला आला. शिवाय डोमिसाइल, रेशनकार्ड, कॅप राउंडचं (म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचं) अलॉटमेंट लेटर, मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. सगळं स्कॅन करून ठरलेल्या केबीत कोंबायचं. ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर, आणि वडील रानात, जिथे रेंज नाही. पैसे येतात आधार जोडलेल्या खात्यात; ते खातं नेमकं कुठल्या बँकेतलं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

इथे किल्लीवाले काका उठले. काका मेंटॉर नाहीत, सोसायटीचे चेअरमनही नाहीत. अकरा वाजता भजनी मंडळ येणार होतं, म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पुण्यात पदाला कुणी विचारत नाही, किल्लीला विचारतात. गच्चीची, पाण्याच्या पंपाची, मीटरच्या खोलीची किल्ली ज्याच्या करगोट्याला, त्याच्यापुढे निवृत्त कर्नलसुद्धा "जरा पाच मिनिटं मिळतील का?" असं विचारतो.

"मी मधे बोलू का?" असं म्हणून काका बोलायलाच लागले. "तुमचं चुकलं कुठे सांगतो. तुम्ही आधी कामं लिहिलीत. आधी पदं वाटायची. आमच्या गणेशोत्सवात अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष तीन, सल्लागार अकरा. आजवर भांडण नाही."

"आणि वर्गणी कोण गोळा करतं?"

"ती होते."

"होते म्हणजे? दारोदार कोण जातं?"

"मॅडम, तुम्ही तपशिलात फार शिरता."

काकांनी डस्टर उचललं, 'फॉर्म' पुसलं आणि तिथे 'समन्वय' लिहिलं. हॉलवर नजर फिरवली. "पेन कुणाकडे आहे?"

माझ्याकडे होतं.

"झालं!" काका म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. कुणीतरी म्हणालं, मॅडमचं अक्षरही छान आहे, इतिवृत्त त्याच लिहितील. चहा समन्वयातच येतो, असं काकांनी परस्पर जाहीर केलं. हॉलमध्ये आणखी दोन बायका होत्या. एकीकडे स्वागत गेलं, दुसरीकडे उपमा. व्यक्तिमत्त्व विकासाला मात्र पाचही पुरुष.

मी म्हटलं, फॉर्मचं काम दर महिन्याला बदलून घेऊ या. काका म्हणाले, "रोटेशन केलं की जबाबदारी राहत नाही." आयटीवाले सर तेवढ्यापुरते अनम्यूट झाले. "अग्रीड," म्हणाले, आणि बहुधा ऑफिसच्या कॉलवरही तेच गेलं.

हसू येतं, पण राग त्याहून जास्त येतो. एका मुलीचा अर्ज दाखला पुसट म्हणून कॉलेजच्या डेस्कवरून परत आलाय. नवा दाखला काढायचा तर तिला तालुक्याला जायला हवं, म्हणजे प्रॅक्टिकल बुडणार. तिला मोठी स्वप्नं बघायला सांगायला आमच्याकडे चार माणसं आहेत. एसटीच्या स्टँडवर सोडायला एकही नाही.

बुधवारी मोटिव्हेशनवाल्या सरांचा फोन. "मॅडम, सेशनला फक्त दोन मुलं आली. समन्वय कमी पडतोय."

"सर, बाकीची आधार लिंक करायला बँकेच्या रांगेत आहेत."

"अरे वा! मग मी तिथेच येतो. तिथे माइकची सोय आहे का, तेवढं विचारून ठेवाल?"