हनुवटीवरची तिथी

भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टी, गॅसची टाकी लावल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि पाळीचा दिवस एवढं लिहिलेलं असलं की माझ्या हनुवटीवर मुरूम कधी उगवणार, हे पंचांग न उघडता सांगता येतं. पाळीच्या आधी ७ ते १० दिवस. जागाही ठरलेली: हनुवटी, जबड्याची कड, फार तर मानेचा वरचा भाग. आत खोल, गाठीसारखा, हात लागला की ठणकणारा आणि तोंड नसलेला. त्याला तोंड नसलं तरी इतरांची तोंडं उघडायला तो पुरेसा असतो.

"पोट साफ होत नाही वाटतं?" हा पहिला प्रश्न. मग "उष्णता आहे, सब्जा घे." मग "लग्न झालं की जातील." लग्न झालेलं असेल तर "एक मूल होऊ दे, बघ कशा जातात." शाळेच्या पुस्तकात यांना तारुण्यपिटिका म्हणतात. पस्तिशीनंतर त्यातलं तारुण्य मागे घेतलं जातं, पिटिका तेवढ्या आपल्याकडे राहतात.

पोटाचा यात फारसा हात नाही. बाईच्या अंगातही टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन, असतं. थोडं अंडाशयात बनतं, थोडं मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींमुळे. त्वचेत त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं आणि ते तेलग्रंथींना कामाला लावतं. इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन पुरेसं असेपर्यंत सगळं शिस्तीत चालतं. पाळीच्या आधी मात्र इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉन दोन्ही उतरतात. बाई वर्गाबाहेर गेल्या की मुलांची संख्या वाढत नाही, आवाज वाढतो, तसंच हे. म्हणूनच बहुतेक जणींचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. हार्मोन जागच्या जागी असतं, आपल्या तेलग्रंथींचेच कान तिखट असतात.

वाढलेलं तेल आणि रंध्राच्या तोंडाशी चिकटून बसलेली मृत त्वचा यांचं बूच तयार होतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. बूच बसल्यापासून मुरूम दिसेपर्यंत बरेच आठवडे, कधी दोन महिनेही जातात. म्हणजे आज आरशात दिसतोय त्याचं बारसं आधीच्या पाळीलाच झालेलं असू शकतं. त्याच्यावर रात्री टूथपेस्ट थापणं म्हणजे बोहल्यावरून उतरल्यावर पत्रिका जुळवणं. टूथपेस्टने त्वचा भाजल्यासारखी होते तो भाग वेगळा. लिंबू चोळून उन्हात गेलात तर मुरूम आठवड्यात जाईल, डाग दिवाळीपर्यंत थांबेल.

सगळ्यात वाईट ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब, "सगळ्या जणी हीच नेतात" वाली. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. चार दिवस चेहरा उजळतो. बंद केलं की लाली, आग आणि आधीपेक्षा जास्त फोड. मग पुन्हा तीच ट्यूब.

काम करणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. रात्री तोंड धुऊन, पूर्ण कोरडं झाल्यावर ॲडापलीन ०.१ टक्का, म्हणजे रंध्रांत बूच बसू न देणारं मलम. वाटाण्याएवढं, आणि तेही मुरमावर नाही, सगळ्या चेहऱ्यावर; कारण पुढच्या महिन्याचे पाहुणे दिसत नसलेल्या जागी बसलेत. डोळ्यांच्या, नाकाच्या आणि ओठांच्या कडा सोडायच्या. पहिले दोन आठवडे एक रात्रीआड, सोबत साधं मॉइश्चरायझर. कातडी सोलवटते, पहिल्या ३-४ आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि नेमकं इथेच बहुतेक जणी "मला सूट होत नाही" म्हणून ट्यूब कपाटात टाकतात. निकाल १२ आठवड्यांनी बघायचा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर ही ट्यूब नकोच.

सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे जिवाणू मारणारं मलम. २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांनी आग जास्त होते, फायदा तेवढाच. याचा एक दुर्गुण ट्यूबवर लिहिलेला असला तरी कोणी वाचत नाही: हे कापडाचा रंग खातं. आहेरात आलेल्या मरून टॉवेलवर पांढरे नकाशे उमटतात. पांढरा पंचा वापरा. वरून सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघ मावेल एवढं.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन देतात, सहसा रोज ५० ते १०० मिलिग्रॅम. मुळात ही लघवी वाढवणारी, बीपीची गोळी. सासूबाईंच्या डब्यात हेच नाव दिसलं तर दचकू नका, आणि त्यातली उचलूही नका: पाळीचं वेळापत्रक बिघडू शकतं, गरोदरपणात ती चालत नाही आणि गुण यायला तीन महिने लागतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही फरक पडतो, पण तो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) दोन्ही असलेल्या मिश्र गोळ्यांनी. नुसत्या प्रोजेस्टिनवाल्यांनी काही जणींचे मुरूम वाढतात.

पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते, हनुवटीवर राठ केस येतात, भांग रुंदावतोय, असं असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी हवी. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यायचं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हार्मोनचे आकडे फसवे येतात, हे लॅबमध्ये कोणी विचारत नाही, आपणच सांगायचं.

राहता राहिली शेवटची आशा: "पाळी गेली की जातील." त्या वयात इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि टेस्टोस्टेरॉन रेंगाळतं. काही जणींना पन्नाशीत पुन्हा हनुवटीवर फोड येतात. फरक एवढाच, की तेव्हा कालनिर्णयात खूण करायला तारीख नसते.