फक्त दोन सीट शिल्लक

मुंबईत लहान मुलांच्या जिम्नॅस्टिक्सचा क्लास काढायचाय? मग मॅट किती जाडीची, कोच कुठून आणायचा असल्या चिंता आधी करू नका. एक जाडजूड वही घ्या आणि गोड आवाजाची एक रिसेप्शनिस्ट शोधा. बाकीचं पालकांच्या पहिल्या हप्त्यातून येतं.

जागा महाग आहे, मान्य. पार्ल्यात किंवा मुलुंडला रस्त्यावरचा गाळा परवडायचा नाही. पण लग्नाचे हॉल आहेत ना! मुहूर्त नसेल त्या दिवशी क्लास घ्या. मुहूर्त असला की सकाळीच ग्रुपवर मेसेज टाका, 'आज मसल रिकव्हरी डे'. पालक त्यावर अंगठे दाखवतात. एखाद्याला जिन्यात जिलबीचा वास आलाच, तर तोही विचारत नाही. मुंबईत कुणाला वेळ आहे?

आता ट्रायल. ही मोफत ठेवलीत की संपलात. पालक एकाच रविवारी तीन क्लासच्या ट्रायल उरकतात, पोराचा आठवड्याचा व्यायाम फुकटात होतो आणि ते 'विचार करून सांगतो' म्हणून वडापाव खायला जातात. तेव्हा दोनशे रुपये घ्या, 'अ‍ॅडमिशन घेतल्यास फीमधून वजा' असं ठळक छापा आणि रजिस्ट्रेशन दोनशेने वाढवा.

ट्रायल शनिवारी संध्याकाळी पाचला, चालू बॅचमध्येच घ्या. ट्रायलच्या मुलांना थेट ट्रॅम्पोलिनवर सोडा, मग फोमच्या खड्ड्यात उड्या मारू द्या. पोरं किंचाळतात, आया व्हिडिओ काढतात. नियमित मुलांनी त्या वेळी काय करायचं? भिंतीला पाय लावून हँडस्टँड. ते फार उपयोगी असतं, शिवाय त्याला जागा कमी लागते.

माझी मुलगी दीड वर्ष अशाच एका क्लासला जाते. एकदा काचेबाहेरच्या बाकावर बसून मी मोजलं: तासाभरात बीमवर, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद पट्टीवर, तिचा नंबर चार वेळा आला. उरलेला वेळ ती रांगेत उभी होती. बोटाला लागलेल्या पांढऱ्या पावडरीने तिने पुढच्या मुलीच्या पाठीवर आधी घर काढलं, मग झाड, मग घराला गच्ची. तिचं ड्रॉइंग खरंच सुधारलंय. तुमच्या माहितीपत्रकात 'सर्वांगीण विकास' लिहायला हरकत नाही.

ट्रायल संपली की कोचने घाम पुसत बाहेर यायचं आणि म्हणायचं, "बॉडी खूप फ्लेक्झिबल आहे हिची." बस्स. पाच वर्षांचं मूल लवचीकच असतं. नसेल तर त्याला डॉक्टरांकडे न्यावं लागेल. पण हे कुणी बोलायचं नाही. उलट विचारायचं, "आईकडून आलंय की बाबांकडून?" त्या प्रश्नावर घरी जे भांडण होतं, त्यातून अ‍ॅडमिशन पक्की होते. जो हरतो तो फी भरतो.

भिंतीवर जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं पोस्टर हवंच. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून झेप घ्यायच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीत चौथी आली, कांस्यपदक 0.15 गुणांनी हुकलं, हे सगळ्या पालकांना अंधूक आठवत असतं. तुम्ही ते ठळक करा. 'हे 0.15 म्हणजेच आमचं पर्सनल कोचिंग', आठवड्यातून दोनदा, जीएसटी वेगळा. तिचे तळवे सपाट होते, हेही सांगा. सपाट तळव्यांची मुलं आपसूक तुमच्याकडे येतील. आगरतळ्यात तिचे कोच विश्वेश्वर नंदी यांनी तिच्याकडून वर्षानुवर्षं काय काय घोटून घेतलं, ते मात्र सांगू नका. ते तीन महिन्यांच्या पॅकेजमध्ये बसत नाही. 

बीमचंही तसंच. खरा बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. तुमचा म्हणजे रेक्झिन मारलेली फळी, तीही जमिनीवर टेकलेली. तरी रुंदी 10 सेंटिमीटर आहे ना? मग बिनधास्त लिहा, 'ऑलिंपिक मापाचा बीम'. एका मापापुरतं ते खरंच आहे.

सावध राहायचं ते आजोबांपासून. आईबाबा नोकरीवर असतात, म्हणून ट्रायलला कधीकधी दादरचे आजोबा येतात. त्यांनी शिवाजी पार्कला समर्थ व्यायाममंदिरात मल्लखांब केलेला असतो. ती संस्था 1925 सालची, आणि तिथल्या आठवणीही जवळपास तेवढ्याच लांब. एरंडेल लावलेला खांब, सकाळची प्रार्थना, सगळं ऐकावं लागतं. ऐकून घ्या. पण मग ते वाकून तुमची मॅट अंगठ्याने दाबून बघतात आणि विचारतात, "ह्यांना पडायला कोण शिकवतं?" प्रश्न वाईट आहे, कारण बरोबर आहे. गुडघे सैल ठेवून उतरायचं, मागे पडताना हात टेकायचे नाहीत, अंग गोल करून लोळण घ्यायची, हे कोलांटीच्याही आधी शिकवायचं असतं. त्यात व्हिडिओ काढण्यासारखं काही नसतं. तुम्ही चहा मागवा. कटिंग नको, फुल सांगा.

अ‍ॅडमिशनच्या दिवशी बोर्ड लावा, 'फक्त दोन सीट शिल्लक'. हा बोर्ड काढायचा नसतो, फक्त पुसायचा असतो. बॅच दहाची म्हणून जाहीर करा आणि चोवीस घ्या. घाबरू नका. युनिट टेस्ट, सर्दी, गणपतीत कोकण, मे महिन्यात गाव, पावसात बंद पडलेली लोकल. सगळे एकाच दिवशी कधीच येत नाहीत. आणि आलेच, तर तिघांच्या बाकावर चौथी सीट असतेच, हे मुंबईकराला तुम्ही शिकवायला नको. 'जरा सरका' एवढंच म्हणायचं.

फी परत मिळत नाही. बुडालेल्या तासाची भरपाई मिळते, मंगळवारी दुपारी सव्वातीनला, मूल शाळेत असताना.

शेवटी वहीचं. ट्रायलची वही जिवापाड जपा: नाव, नंबर, सोसायटी, धाकटं भावंड आहे का, आईला योगा करायचाय का. आलेल्या मुलांची हजेरी घेतली नाही तरी चालतं. पैसे भरलेलं मूल कुठे पळून जाणार? 

गेल्या बुधवारी मी त्या बाकावर बसलो होतो. क्लास सुटला, मुलगी बूट घालत होती आणि माझा फोन वाजला. "नमस्कार सर, तुमच्या मुलीसाठी आमच्याकडे एक खास ट्रायल आहे, शनिवारी पाचला. फक्त दोन सीट शिल्लक आहेत." आवाज दोनदा ऐकू येत होता, एकदा फोनमधून आणि एकदा दहा पावलांवरच्या टेबलावरून. रिसेप्शनिस्ट पाठमोरी बसली होती, वहीत बोट ठेवून. मी सांगणार होतो की अहो, आम्ही तुमच्याकडेच आहोत, दीड वर्ष. तेवढ्यात मुलीने माझी बाही ओढली.

"बाबा, हो म्हण ना. ट्रायलला ट्रॅम्पोलिन देतात."