आल्कलाइन पाणी, चमचाभर सोडा आणि बंद केलेलं मीठ

ऊन तापायला लागलं की बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. थोडक्यात असा: चहा, तिखट, मैदा यांनी रक्त आम्लधर्मी होतं आणि तेच सगळ्या रोगांचं मूळ. म्हणून सकाळी उठल्यावर लिंबूपाण्यात चमचाभर खायचा सोडा घ्या, दिवसभरात चार-पाच लिटर आल्कलाइन, म्हणजे अल्कधर्मी, पाणी प्या, मीठ पूर्ण बंद करा. लघवी पाण्यासारखी झाली की समजा, विष बाहेर पडलं. शेवटी नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाचा हवाला आणि हात जोडलेला इमोजी.

रक्तापासून सुरुवात करू. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. पीएच म्हणजे आम्ल-अल्काचं माप: आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. त्याचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापटीचा फरक, त्यामुळे तो ७ च्या खाली गेलेला माणूस ग्रुपवर मेसेज पाठवत नाही, तो आयसीयूत असतो. दांडिया बाजारातल्या दुकानात उभं राहून झणझणीत सेव-उसळ खाल्ली तर छातीत जळजळेल, पण रक्ताचा पीएच ढळणार नाही. रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, जादा आम्लाला गाठतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो श्वासावाटे जातो. फुप्फुसं हे काम मिनिटांत करतात. उरलेलं आम्ल मूत्रपिंडं सावकाश, काही दिवस घेऊन, लघवीत टाकतात.

आम्ल खरोखर वाढतं ते वेगळ्या कारणांनी. मधुमेहात इन्सुलिन फारच कमी पडलं, मूत्रपिंडं निकामी झाली, किंवा जोराच्या जुलाबात बायकार्बोनेटच वाहून गेलं तर. असा मधुमेही खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेतो, कारण शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून पीएच सावरू पाहत असतं. त्याला लागतं इन्सुलिन आणि सलाइन, तेही दवाखान्यात.

मग लिंबू? मेसेजमधला खरा अंश इथेच आहे, तो मान्य करायला हवा. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवी थोडी अल्कधर्मी होते. काही मुतखड्यांत डॉक्टर सायट्रेट देतात ते त्याचसाठी. पण बदलते ती लघवी. तिचा पीएच ४.५ ते ८ असा कुठेही जाऊ शकतो, आणि तो जातो म्हणूनच रक्ताचा जागच्या जागी राहतो. लघवीत पट्टी बुडवून रक्ताचा निकाल लावता येत नाही.

आल्कलाइन पाण्याचं यंत्र विकायला येणारा माणूस ग्लासात रंगाचे थेंब टाकतो, नळाचं पाणी हिरवं दिसतं, यंत्राचं जांभळं, आणि सोसायटीतल्या बायका ‘अगं बाई’ म्हणतात. चिमूटभर सोडा टाकला तरी रंग असाच पालटतो. आता हिशेब करा. क्षार बाजूला ठेवले तर पीएच ९ च्या एका लिटर पाण्यात जेवढा अल्क असतो, तेवढा पीएच २ चा फक्त एक मिलिलिटर जठररस मारून टाकतो. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस पाझरवतं. यंत्राची किंमत विचारण्याआधी हा आकडा पुढे ठेवावा.

नोबेलचं एका ओळीत: ओटो वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये ते मिळालं श्वसनातल्या एन्झाइमवरच्या शोधासाठी, आल्कलाइन आहारासाठी नव्हे.

इथवर फार तर पैसे वाया जातात. पुढचा भाग मात्र जिवावर बेतू शकतो.

मीठ बंद करायला सांगणारा हा मेसेज रोज चमचाभर सोडा घ्यायला लावतो. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट; मिठातही हेच सोडियम असतं. सपाट चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम येतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे २ ग्रॅम. फाफड्या-गाठियातून जातं ते वेगळंच. बीपीच्या माणसाला सांगायचं मीठ सोड, आणि मागच्या दाराने सोडियम आत.

ज्यानं खरंच मीठ आणि सोडा दोन्ही बंद केलं आणि घागरभर पाणी पीत राहिला, त्याचं उलटं होतं. रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल लागतं. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना किंवा नवरात्रात तासन् तास गरबा खेळून घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं. वर नुसतं पाणी ओतत राहिलं की सोडियम पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं, त्या फुगतात. पायातल्या पेशी फुगल्या तर निभतं, मेंदूला कवटीत जागाच नसते. डोकेदुखी, मळमळ, भांबावणं, मग झटके. धडधाकट मूत्रपिंडही तासाला साधारण लिटरभरच जादा पाणी बाहेर टाकू शकतं. लघवी पाण्यासारखी दिसते ती पाणी जास्त प्यायल्यामुळे, तिच्यातलं विष वगैरे काही मोजलेलं नसतं.

जुलाब-उलटीत याच कारणाने नुसतं पाणी पुरत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात, पाणी त्यांच्या पाठोपाठ. ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजपंचे टाकू नका.

घरात आई-बाबा, आजी-आजोबा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर हा मेसेज त्यांच्यापर्यंत जाऊच देऊ नका. त्या गोळीनं सोडियम आधीच उतरू शकतं. चार-पाच लिटर पाणी आणि अळणी जेवण आठवडाभर चाललं, आजोबा चालताना तोल जाऊन धडपडायला, नावं विसरायला लागले, की घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ आधी रक्तातलं सोडियम तपासून घ्या. साधी तपासणी आहे, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो.